ओनोरे ब्लाशेरचं नाक

वृद्धाश्रमात दाखल झाला तेव्हा ओनोरे ब्लाशेर चौऱ्याऐंशीचा होता. गुडघे गेले होते, डावा कान गेला होता, बायको जाऊनही दहा वर्षं झाली होती. नाक तेवढं शाबूत होतं. दक्षिण फ्रान्समधल्या लूर डोंगराच्या उतारावर त्याने साठ उन्हाळे लव्हेंडरची भट्टी चालवली होती. फुलांनी गच्च भरलेला तांब्याचा हंडा, खालून वाफ आणि नळीतून थेंब थेंब उतरणारं तेल. नुसत्या वासावरून तो सांगायचा की ही फुलं कुणाच्या शेतातली, सकाळी कापली की दुपारी, आणि ढिगात किती तास तापत पडली. भट्टीवाल्यांमध्ये भांडण जुंपलं की बाटली घेऊन लोक त्याच्याकडे यायचे. ओनोरेनं हुंगून मान हलवली की विषय संपला.

आता भट्टी मुलाकडे होती. रेजिसकडे. रेजिसनं बाटल्यांना नवं लेबल छापून घेतलं होतं आणि त्याच्यावर बापाचं नाव नि चित्र होतं: डोक्यावर गवताची टोपी, मिश्या, काखेत फुलांचा भारा. ओनोरेनं जन्मात कधी मिशी ठेवली नव्हती.

दर शुक्रवारी दुपारी वृद्धाश्रमाच्या जेवणघरात नोल्वेन हातांना मालीश करायला बसायची. ती समुद्राकाठच्या ब्रिटनीकडची, चाळिशीतली, रुंद खांद्यांची नर्स. नोकरी सांभाळून दोन वर्षं सुगंधी तेलांचा अभ्यास केलेली. ओनोरेला हा सगळा प्रकार थोतांड वाटायचा. पहिल्याच शुक्रवारी तो मुद्दाम तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"मग, काय बरं करणार तुझं तेल? माझे गुडघे?"

"नाही."

"कान?"

"नाही हो, काका. झोप जरा बरी लागते, जीव जरा शांत होतो. आणि वीस मिनिटं कुणीतरी तुमचा हात हातात धरतं. त्यात तेलाचं काम किती आणि हाताचं किती, ते मलाही सांगता यायचं नाही."

हे उत्तर त्याला पटलं. मग तो तिच्यावर नजर ठेवायला लागला. ती चमचाभर बदामाच्या तेलात लव्हेंडरचे दोन थेंब टाकायची. दोन म्हणजे दोनच. कुणी म्हणालं, "अगं, घाल की अजून, कंजूस कुठली," तर ती बाटलीचं झाकण लावून टाकायची. नव्या माणसाच्या कोपराच्या आतल्या बाजूला ते मिश्रण आधी लावून बघायची आणि दुसऱ्या दिवशी कातडी लाल झाली नसेल तरच हात धरायची. दम्याच्या मादाम फाब्रला ती त्या वेळी दुसऱ्या खोलीत नेऊन बसवायची. फेफरं येणाऱ्या म्हाताऱ्याजवळ तिनं रोझमेरीची बाटली कधी उघडली नाही. एकदा कुणाच्या तरी सुनेनं खोकल्यासाठी साखरेवर चार थेंब घालून सासऱ्याला चाटवायचं ठरवलं, तेव्हा नोल्वेननं तिच्या हातातून चमचाच काढून घेतला.

"अहो, पण नैसर्गिक आहे ना ते!" सून म्हणाली.

"धोत्रा पण नैसर्गिकच आहे. पोटात घ्यायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

ओनोरे खूश होऊन मांडीवर थाप मारून हसला. त्याचा बापसुद्धा असाच होता. तेलाचा हात डोळ्याला लावणाऱ्या मजुराला तो त्या दिवसापुरतं घरी पाठवायचा.

ओनोरेच्या शेजारची खुर्ची झेली रुव्हिएरची असायची. झेली एक्याऐंशीची होती. सोळाव्या वर्षी ती विळा घेऊन ब्लाशेरांच्या शेतावर कापणीला आली होती, तेव्हापासूनची दोघांची ओळख. मध्ये दोघांची लग्नं झाली, संसार झाले, आणि आता म्हातारपणी एका टेबलावर दोघं येऊन बसली होती. झेलीची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. आठवडाभर तिच्या हाताला फक्त चमचा लागायचा आणि गोळ्या देणाऱ्या बाईचे हातमोजे. शुक्रवारी मात्र ती दुपारची झोप सोडून अर्धा तास आधीच येऊन बसायची, बाह्या वर सारून.

"बघ कशी बसलीये," ओनोरे चिडवायचा. "डोक्यावर नवरीची जाळीच घालायची राहिलीये."

"तू गप रे. तुझा हात कुणी फुकट धरणार नाही म्हणून जळतोस."

तेल रेजिसच्या भट्टीतलंच यायचं. एप्रिलमध्ये नवं खोकं आलं. नोल्वेननं पहिली बाटली उघडली आणि ओनोरेचं डोकं आपोआप वर झालं. त्यानं कागदाची पट्टी मागून घेतली, एक थेंब टाकला आणि नाकाखाली धरली. पहिला वास झकास होता, जरा जास्तच झकास. खरं लव्हेंडर पहिल्यांदा थोडं रानटी असतं, हिरवं, मग हळूहळू वाळलेल्या गवतासारखं गोड होत जातं, आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत कागदावर टिकतं. हा वास अर्ध्या तासात बसला. खाली उरला तो लाव्हांदँचा कापरासारखा उग्रपणा. लाव्हांदँ म्हणजे संकरित झाड, खालच्या मैदानात लागणारं, तिप्पट तेल देणारं. आणि त्याच्याही खाली काहीतरी खवट होतं, पिंपाच्या तळाशी वर्षानुवर्षं हवा लागत पडलेल्या तेलासारखं. असलं तेल अंगाला लावू नये हे त्या डोंगरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बाटलीवर टोपीवाला ओनोरे मिश्यांतून हसत होता.

त्यानं स्वतःची समजूत घातली की नाक म्हातारं झालं असेल. सर्दी असेल. त्या शुक्रवारी गप्प बसला आणि पुढच्याही शुक्रवारी गप्प बसला. झेलीचे हात त्याच्या डोळ्यांसमोर त्या तेलात चोळले जात होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता.

रविवारी रेजिस मध-बदामाच्या वड्यांचा, नुगाचा डबा घेऊन आला. पन्नाशी उलटलेला, देखणा, घाईतला माणूस.

"रेजिस, ह्या खोक्यातलं तेल कुठलं?"

"आपलंच. वरच्या शेतातलं."

"त्यात लाव्हांदँ आहे. आणि कारखान्यातलं काहीतरी. आणि जुना गाळ."

रेजिस हसला. "बाबा, तुम्हाला सूपमधलं मीठ कळत नाही असं परवा इथली बाई सांगत होती."

"मीठ जिभेला कळतं. मी नाकाचं बोलतोय."

"नुगा खा," रेजिस म्हणाला आणि घड्याळ बघून उठला.

तिसऱ्या शुक्रवारीही ओनोरे खिडकीबाहेरच बघत राहिला. त्यानंतर झेलीच्या हातांना खाज सुटली. सोमवारपर्यंत मनगटापर्यंत लाल चट्टे उठले, बुधवारी पाण्याचे फोड आले. रात्रंदिवस ती हात थंड फडक्यात गुंडाळून बसायची. डॉक्टर कॉस्तनी मलम लिहून दिलं आणि मालीश बंद करायला सांगितली. झेलीची मुलगी तडक गाडी घेऊन आली आणि संचालिका मादाम वेरो यांच्या खोलीत जाऊन अशी ओरडली की वरच्या मजल्यावर ऐकू गेलं.

शनिवारी सकाळी बैठक बसली. मादाम वेरो, डॉक्टर कॉस्त, झेलीची मुलगी, नोल्वेन, आणि तेल पुरवणारा म्हणून रेजिस. ओनोरेला कुणी बोलावलं नव्हतं. तो काठी टेकत आपणहून आत गेला.

मादाम वेरो नोल्वेनला विचारत होत्या, "नवं खोकं आल्यावर तुम्ही परत कोपराला लावून पाहिलंत?"

नोल्वेननं खाली पाहिलं. "नाही. हिवाळ्यात पाहिलं होतं. तेच तेल, तीच भट्टी... बघायला हवं होतं. चुकले मी."

"बघा!" झेलीची मुलगी म्हणाली.

"तेच तेल नव्हतं," ओनोरे दारातूनच म्हणाला. "हिची चूक एवढीच की हिनं माझ्या नावावर विश्वास ठेवला. तेलात भेसळ आहे."

 रेजिसचा चेहरा पांढरा पडला नाही की लाल झाला नाही. त्यानं पिशवीतून तेलाच्या तपासणीचा कागद काढून टेबलावर ठेवला, शिक्के मारलेला. मग उठून बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या मायेनं बोलला की ओनोरेच्या अंगावर काटा आला.

"बाबा आयुष्यभर ह्याच कामात होते. आता त्यांना नसलेले वास येतात. आईच्या साबणाचा येतो म्हणतात. मला बोलवत नव्हतं इतके दिवस. डॉक्टर, वास कळेनासा होणं ही डोकं शिणल्याची पहिली खूण असते ना? मी कुठंतरी वाचलंय."

"एक खूण असू शकते," डॉक्टर सावधपणे म्हणाले. "त्याची एक चाचणी असते."

"घ्या चाचणी," ओनोरे गरजला. "आत्ता घ्या! सगळ्यांसमोर घ्या!"

चाचणी मंगळवारी झाली, डॉक्टरांच्या खोलीत. बारा जाड पेनं होती, प्रत्येकात एक वास, आणि प्रत्येकासाठी कागदावर चार नावं. हुंगायचं आणि चारांतलं एक सांगायचं. ओनोरेनं दाढी केली होती, स्वच्छ शर्ट घातला होता. परीक्षेला बसायचं त्याला दडपण नव्हतं, उलट मनातून उकळ्या फुटत होत्या.

डॉक्टरांनी पहिलं पेन उघडलं. "पीच, सफरचंद, लिंबू की पपनस?"

"यातलं काहीच नाही."

"चारांतलं एक सांगा, मिस्यू ब्लाशेर."

"लिंबाचा वास सालीत असतो, डॉक्टर. त्यात कडवटपणा असतो. ह्याच्यात साल नाही. हा गवती चहासारख्या गवताचा अर्क आहे. स्वस्तातला."

डॉक्टरांनी उसासा टाकला. "सगळ्यात जवळचं कुठलं वाटतं?"

"जवळचं म्हणजे काय? लिंबू असेल तर लिंबू. नसेल तर नाही. साठ वर्षं मी जवळचं म्हणून काही विकलं नाही."

पुढचं पेन. "गुलाब, रासबेरी, चेरी की मध?"

"जिरेनियमची पानं."

"ते ह्यात नाही."

"मग तुमचा कागद चुकलाय."

मासळी त्यानं ओळखली. चामडं ओळखलं. पुदिना आणि केळंही सांगितलं, केळ्याला नाक मुरडत. कॉफीला तो जळकी साखर म्हणाला. लवंगेला लवंगेच्या पानांचं तेल म्हणाला आणि कळी व पान यांतला फरक डॉक्टरांना पाच मिनिटं समजावून सांगितला. डॉक्टर कॉस्त वाईट माणूस नव्हते. दोन-तीनदा ते म्हणाले, "अहो, कागदावर आहे तेवढंच म्हणा ना!" पण ओनोरेला वाटत होतं, आपण जितकं बारीक सांगू तितकं ह्यांना आपलं नाक पटेल. शेवटी तो घामाघूम होऊन मागे टेकला, जिंकल्यासारखा.

बारापैकी चार बरोबर. कागदावर तसंच लिहिलं गेलं, आणि खाली एक ओळ: चुकीची उत्तरं ठामपणे देतात, समजावल्यास चिडतात.

त्यानंतर सगळं भराभर घडलं. रेजिसचा शिक्क्यांचा कागद खरा ठरला. नोल्वेनवर ठपका आला की तपासल्याशिवाय तेल लावलं, आणि महिनाअखेर तिनं राजीनामा द्यावा असं तिला गोड शब्दांत सुचवण्यात आलं. आणखी दोन आठवड्यांनी रेजिसच्या अर्जावर न्यायाधीशांचं पत्र आलं, त्यात ओनोरेच्या सह्यांचे सगळे अधिकार मुलाकडे गेले. डॉक्टरांच्या अहवालाची प्रत पत्राला जोडलेली होती.

झेलीला चाचणीची हकिगत कळली तेव्हा ती मलम लावलेले हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे वळली.

"अरे, लिंबू म्हणायला तुझं काय जात होतं?"

"ते लिंबू नव्हतं, झेली."

"त्या पोरीची नोकरी गेली. तू एकदा लिंबू म्हणाला असतास, एकदा गुलाब म्हणाला असतास. कोण मरणार होतं?"

ओनोरे काठी घेऊन उठला.

जाताना नोल्वेन निरोप घ्यायला त्याच्या खोलीत आली. तिच्या पिशवीत ती उघडलेली बाटली होती. "मादाम वेरो टाकून द्या म्हणाल्या. मी नाही टाकली. ग्रास या अत्तरांच्या गावाजवळ माझ्या शिक्षिकेच्या ओळखीची प्रयोगशाळा आहे. तिथे पाठवते."

"कशाला? तुला कुठे परत घेणार आहेत?"

"मला माहीत करून घ्यायचंय, काका. झेलीबाईंना मी इजा केली की नाही ते. तुम्हाला नको कळायला?"

"हवंय की," तो म्हणाला. आणि ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण खोटं बोललो.

कारण त्या उन्हाळ्यात त्याच्या मनात एक वेगळीच आशा मूळ धरू लागली होती. बारापैकी चार. न्यायाधीश म्हणतात, डॉक्टर म्हणतात. कदाचित खरंच नाक गेलं असेल. तो सकाळी कॉफीचा कप नाकाशी धरायचा आणि वास नीट आला की त्याला वाईट वाटायचं. नाक गेलं असेल तर तेल चांगलं होतं. तेल चांगलं असेल तर रेजिस चांगला होता, आणि झेलीचे हात म्हणजे नुसतं दुर्दैव. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता ती खोटी ठरावी म्हणून तो रविवारच्या प्रार्थनेत देवाला विनवायचा. आपण काय मागतोय याची त्याला लाजही वाटायची.

ऑक्टोबरात फोन आला. नोल्वेन आता समुद्राकडे परत गेली होती, एका दवाखान्यात दिवसपाळी करत होती.

"काका, अहवाल आला." ती म्हणाली. "तुमचं नाक बरोबर होतं. सगळं सापडलं. लाव्हांदँ, कारखान्यातलं रसायन, आणि हवा लागून बिघडलेलं जुनं तेल. तेच कातडीला बाधतं. मी मादाम वेरोंना प्रत पाठवली. त्या म्हणतात, बाटली माझ्याकडे होती, मीच काही मिसळलं नाही कशावरून. विषय बंद झालाय म्हणतात. पण तुम्हाला कळायला हवं म्हणून..."

"बरं केलंस, पोरी," ओनोरे म्हणाला.

"तुम्हाला बरं नाही वाटलं?"

"वाटलं ना. वाटलं."

फोन ठेवल्यावर तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला. जेवणाची घंटा झाली तरी उठला नाही.

रविवारी रेजिस आला. ओनोरेनं दार लावून घ्यायला सांगितलं.

"अहवाल आलाय. मला आता काही विचारायचं नाही. फक्त का, ते सांग."

रेजिसनं नुगाचा डबा खाली ठेवला. पहिल्यांदाच तो घाईत दिसला नाही. "वरचं शेत गेलं, बाबा. चार वर्षं झाली. साठवलेलं तेल गेल्या हिवाळ्यापर्यंत पुरलं. तुडतुड्या किड्यानं आणलेला रोग, वर पाऊस नाही. झाडं उभ्या उभ्या करडी पडली. तुम्हाला सांगून काय करणार होतो?"

"मग भट्टी बंद करायचीस."

"आणि करायचं काय? लोकांना लव्हेंडर नको असतं, बाबा. त्यांना लव्हेंडरचा वास हवा असतो. पहिल्या क्षणाचा. अर्ध्या तासानंतर पट्टी कोण हुंगतंय? तुम्ही सोडून कोण?"

"झेलीचे हात?"

"त्याचं मला वाईट वाटलं. तो तळातला गाळ त्या खोक्यात जायला नको होता. चूक झाली."

"आणि मला वेडा ठरवलंस, ती पण चूकच झाली?"

रेजिस खिडकीकडे गेला. "तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. मला दुसरा रस्ता ठेवलात का तुम्ही?"

"माझं नाव काढ त्या बाटलीवरून. माझं चित्र काढ."

"ते आता तुमच्या सहीनं होत नाही, बाबा," रेजिस म्हणाला. त्यात उर्मटपणा नव्हता. थकलेला माणूस जशी वस्तुस्थिती सांगतो तसं तो बोलला, आणि कोट चढवून गेला.

नोव्हेंबरात मादाम वेरोंनी जेवणघरात दाराजवळच्या भिंतीवर एक यंत्र बसवलं. दर तासाला ते हवेत लव्हेंडरचा फवारा सोडायचं. मालीश नको, कातडीला स्पर्श नको, म्हणजे तक्रार नको. तेल रेजिसचंच. मादाम फाब्रला दम्याचा त्रास व्हायला लागला, तेव्हा तिचं जेवण खोलीत पाठवू लागले. ओनोरेनं दोनदा जाऊन यंत्राची वायर उपटली. नोंदवहीत लिहिलं गेलं: गोंधळलेले, सामानाची मोडतोड करतात.

झेलीचे हात वरून बरे झाले होते, पण डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की आता जन्मभर लव्हेंडर तिच्या कातडीला चालणार नाही. कपाटातल्या चादरींमध्ये ठेवलेल्या फुलांच्या पुरचुंड्या मुलीनं फेकून दिल्या होत्या. सोळाव्या वर्षापासून जे तिनं कापलं, वाळवलं, उशाखाली ठेवलं, ते आता तिच्यासाठी विष होतं. शुक्रवारी दुपारी ती झोपून राहायची.

एके दिवशी सूप येण्याआधी ओनोरे तिला म्हणाला, "झेली, एक सांगायचंय. भेसळ रेजिसनंच केली. अहवाल आलाय. त्यानं कबूल केलं."

झेलीनं मान हलवली. "मुलगी म्हणतच होती. तुझा काय दोष त्यात?"

इथं थांबला असता तर चाललं असतं. ती त्याला सोडायला तयार होती. पण तो थांबला नाही.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाटली उघडली तेव्हाच. मी तीन शुक्रवार बोललो नाही. नोल्वेन तुझे हात चोळत होती, आणि मला ठाऊक होतं, आणि मी खिडकीबाहेर बघत होतो."

 सूप आलं. झेलीनं वाकड्या बोटांत चमचा धरला आणि हळूहळू सगळं संपवलं. चीज आलं, तेही खाल्लं. मग रुमालानं तोंड पुसून ती म्हणाली, "उद्यापासून दुसऱ्या टेबलावर बस, ओनोरे."

"झेली..."

"मी ओरडत नाहीये. मुलीला सांगणार नाही. पण मला समोर तू नको."

दुसऱ्या दिवशी वाढणाऱ्या बाईनं त्याची ताटली नेहमीच्या जागी ठेवली होती. ओनोरेनं ती स्वतःच उचलली, काठी काखेत धरली आणि दाराजवळच्या टेबलापाशी गेला, जिथे दोघे म्हातारे होते, दोघेही न बोलणारे. तिथली जागा कुणालाच नको असायची, कारण यंत्र अगदी डोक्यावर होतं. त्यानं खुर्ची ओढली, बसला आणि पाव मोडायला लागला.